ग्रामसभा गेली, प्रभाग आला

१ जून १९४८ रोजी नगरच्या माळीवाड्यातून एक बस पुण्याला निघाली. चालक होते किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. राज्य परिवहनाची ही पहिली गाडी. पुण्याच्या रस्त्यावर नगरची वेस मागे पडली की पहिले मोठे गाव लागायचे केडगाव. तेव्हा ते खरेच गाव होते. रेणुकामातेचे जागृत ठाणे, भोवती ज्वारी-बाजरीची जिरायत आणि मधून जाणारा हा रस्ता. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ ला, याच मार्गावर एसटीने विजेवर चालणारी ‘शिवाई’ आणली. महामंडळाची ही पहिली विजेची बस. आसने ४३, एका चार्जिंगवर सुमारे अडीचशे किलोमीटरची धाव, आणि धूर नाही.

या दोन तारखांच्या दरम्यान केडगावचे रूपांतर शहराच्या उपनगरात झाले. २००३ मध्ये नगरची महापालिका झाली, २०२४ मध्ये नगरचे अहिल्यानगर झाले. (दौंड तालुक्यातही एक केडगाव आहे, हे ते नव्हे.) आज इथे बंगल्यांच्या कॉलन्या आहेत, अपार्टमेंट आहेत, बायपासचा वाहता ट्रॅफिक आहे आणि जवळच नेप्तीच्या उपबाजारात कांद्याने भरलेल्या गाड्यांच्या रांगा. हवामान बदलावर सामान्य माणसाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर शोधायला हे ठिकाण फार चांगले आहे. केडगावच्या एका अंगाला विसेक किलोमीटरच्या आत हिवरेबाजार आहे, पुण्याच्या रस्त्याने पुढे गेले की पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी. एका जिल्ह्यात, तेवढ्याच तुटपुंज्या पावसात, काही गावांनी आपले पाणी आणि आपली झाडे सावरली. केडगावसारखी वस्ती त्यांच्या शेजारी राहूनही तसे काही ठरवू शकत नाही. का, याचा शोध घेणे हेच या लेखाचे काम.

आधी थोडा हिशेब. पेट्रोलच्या एका लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड (पुढे नुसता ‘कार्बन’) हवेत जातो, डिझेलच्या लिटरमागे २.७ किलो. केडगावहून पुण्याला सव्वाशेच्या आत किलोमीटर. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या मोटारीत एकटा माणूस गेला तर त्याच्या नावावर सतरा-अठरा किलो कार्बन जमा होतो. तोच माणूस भरलेल्या डिझेल एसटीत बसला तर त्याच्या वाट्याला दोन किलोच्या आसपास येतो. म्हणजे हवामानासाठी काही करायचे असेल तर केडगावकराच्या हाताशी असलेला सर्वांत सोपा उपाय १९४८ पासून रस्त्यावर धावतो आहे.

पण एसटीत बसायचे तर ती वेळेवर यायला हवी, तिच्यात जागा हवी, तिकीट परवडायला हवे. हे प्रवाशाच्या हातात नाही. १७ मार्च २०२३ पासून राज्य सरकारने महिलांना एसटीत अर्धे तिकीट केले. त्याआधी २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास दिला होता. या निर्णयांच्या फायलींवर ‘हवामान’ हा शब्द कुठेही नसेल, तरी महाराष्ट्रात कार्बन वाचवणाऱ्या निर्णयांत त्यांना वरचे स्थान द्यावे लागेल. कारण बायाबापड्यांना घराबाहेर काढून, माहेरी, दवाखान्यात, बाजाराला, कामाला नेताना सरकारने त्यांना एकत्र प्रवासाच्या साधनात बसवले. उलट २०२३ मध्ये एसटीने भाडेतत्त्वावर ५,१५० विजेच्या बस घेण्याचा करार केला आणि त्यांचा पुरवठा कमालीचा रखडला. प्रवाशाने कितीही मनावर घेतले तरी न आलेल्या बसमध्ये त्याला बसता येत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रातली वीज आजही प्रामुख्याने कोळशाची आहे. भारतात ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लांब पल्ल्याची विजेची बस किलोमीटरला एक-सव्वा युनिट खाते. हा गुणाकार केला की लक्षात येते, वीज कोळशाची असेपर्यंत विजेच्या बसचा कार्बन डिझेलच्या बसपेक्षा फारसा कमी नसतो. स्टँडवरचा धूर जातो, शेजारच्या वस्तीच्या फुप्फुसांना आराम मिळतो, ही कमाई छोटी नाही. पण हवामानाचा फायदा हवा तर विजेचाच उगम बदलायला हवा.

तो बदलण्याची एक जागा केडगावातल्या घराघरावर आहे: स्लॅब. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली. एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देते. तीन किलोवॉटचे वर्षाला चार हजारांहून अधिक. म्हणजे वर्षाकाठी तीन टन कार्बन वाचला. सरासरी भारतीय माणूस वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडला कारणीभूत ठरतो, अमेरिकी माणूस चौदा टनांच्या आसपास. तेव्हा हे तीन टन चिल्लर नव्हेत.

प्रश्न असा की स्लॅब कोणाचा? भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या कामगाराचा नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटवाल्याचा एकट्याचा नाही; गच्ची सोसायटीची, आणि सोसायटीच्या सामायिक विजेसाठी अनुदान किलोवॉटला १८ हजारच. पत्र्याच्या घरावर पॅनेल बसवायचे तर आधी सांगाडा हवा. ज्याचे बिल मोठे आणि छप्पर स्वतःचे, त्याला योजना लवकर भिडते. ज्याला मे महिन्यात पत्र्याखाली तापावे लागते त्याला ती सर्वांत शेवटी.

पाण्याचेही तसेच. शहराचे पाणी राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणातून येते. २६ टीएमसीचे धरण. तिथून पाणी पंपांनी उचलून, टप्प्याटप्प्याने चढवून शहरात आणावे लागते. वीज गेली की पंप थांबतात आणि नळ कोरडे पडतात. अहिल्यानगरमध्ये पाणी सांडले की सोबत वीजही सांडते. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर ५० हजार लिटर पाणी जमा होते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत पाऊसपाणी संकलनाची सक्ती आहे, पण ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडांना. पाचशे चौरस मीटर म्हणजे साधारण पाच गुंठे. उपनगरातली घरे गुंठा-दोन गुंठ्यांवर उभी असतात. नियम त्यांच्या डोक्यावरून जातो आणि त्यांच्या गच्चीवरचे पाणी गटारात.

इथे हिवरेबाजारकडे वळावे लागते.

हिवरेबाजारची गोष्ट महाराष्ट्रात इतक्यांदा सांगून झाली आहे की ती आता यशोगाथेच्या ठशात अडकली. तिच्यातला मूळ अवघड भाग त्यामुळे झाकला जातो. १९८९ च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा गावाचे डोंगर बोडके होते, विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठत होत्या, तरणी माणसे मजुरीला बाहेर जात होती. पाऊस वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. पुढे गाव आदर्श गाव योजनेत आले. डोंगरावर समतल चर खणले, नाल्यांवर बांध घातले. या कामाचा पैसा मोठ्या प्रमाणात सरकारी होता, रोजगार हमीचाही. १९७२ च्या दुष्काळाने शिकवलेल्या आणि वि. स. पागे यांनी आखलेल्या योजनेतून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला होता. सरकारने पैसा दिला, गावाने श्रमदान दिले. इथपर्यंत हे पाणलोटाचे काम, आणि ते महाराष्ट्रात शेकडो गावांत झाले.

वेगळेपण पुढे आहे. पाणी वाढल्यावर गावाने ते वापरण्यावर बंधने घातली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आधीपासून होती. त्यात शेतीसाठी बोअरवेलची बंदी आली. ऊस आणि केळी बंद. जमीन बाहेरच्याला विकायची नाही. दरवर्षी पावसाळा संपला की पर्जन्यमापकाचे आकडे आणि निरीक्षण विहिरींची पातळी ग्रामसभेत मांडली जाते आणि पाण्याचा ताळेबंद होतो. माणसे आणि जनावरे यांच्या पिण्याचे पाणी पहिले. मग उरलेल्यात रब्बीला किती, उन्हाळ्याला काय, हे ठरते. पाऊस कमी झाला तर गहू सोडून कमी पाण्याची पिके. विहिरी ९० वरून २९४ वर गेल्या. दुधाचे रोजचे संकलन दीडशे लिटरवरून हजारांच्या घरात गेले, कारण चराई थांबल्यावर डोंगरावर गवत उभे राहिले आणि ते कापून आणून जनावरांना घालता आले. गाव सोडून गेलेली कुटुंबे परतली.

शेतकऱ्याला ऊस लावू नको म्हणणे म्हणजे काय, हे नगर जिल्ह्यात राहणाऱ्यालाच नीट कळेल. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये उभा राहिला. ऊस म्हणजे हमखास भाव, कारखान्याची ऊसतोड, सोसायटीचे कर्ज, मुलीच्या लग्नाची तजवीज आणि राजकारणातली पतही. एवढे सगळे नाकारायला एका माणसाचा विवेक पुरत नाही. शेजारच्याने बोअर मारून ऊस लावला तर माझ्या विहिरीचे पाणी त्याच्याकडे जाणार आणि माझा संयम म्हणजे माझेच नुकसान. हिवरेबाजारच्या शेतकऱ्याने ऊस सोडला, कारण त्याच सभेत शेजाऱ्यानेही हात वर केला होता. त्याग सगळ्यांचा होता, म्हणून तो टिकला. वैयक्तिक कृती आणि राजकीय कृती यांतली भिंत या सभेत उरत नाही. घरातली सवय तिथे गावाचा नियम होते आणि नियमाला पोलीस लागत नाही.

याची उलट बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. राज्याचा भूजल कायदा २००९ चा. तो १ जून २०१४ पासून लागू झाला. अधिसूचित क्षेत्रात शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना त्यात मनाई आहे. नियमांचा मसुदा यायला २०१८ उजाडले. दरम्यान राज्यभर बोअरवेलची यंत्रे रात्रंदिवस घरघरत राहिली. कायदा चांगला आहे. पण त्याला गावात उभे राहायला पाय नव्हते. हिवरेबाजारचा ठराव कायद्याच्या पुस्तकात नसूनही पाळला गेला; विधिमंडळात संमत झालेला कायदा कागदावर राहिला. संगमनेर तालुक्यात दरेवाडीला ‘वॉटर’ संस्थेने १९९६ नंतर पाणलोटाचे काम केले तेव्हाही श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी या अटी गावाने आधी मान्य करायच्या, मग निधी, असा क्रम होता. स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्यात आयुष्य घालून हा क्रम बसवला.

राळेगणसिद्धीचा अनुभव विजेकडे नेतो. १९७५ मध्ये लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी इथे पाणलोट, नशाबंदी, बायोगॅस असे काम उभे केले, ते सर्वज्ञात आहे. २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली तेव्हा पहिल्या दोन पथदर्शी प्रकल्पांसाठी राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी निवडले गेले. शेतीच्या फीडरजवळच सौर प्रकल्प उभारायचा आणि पंपांना दिवसा वीज द्यायची, ही कल्पना. राज्यात कृषिपंप ४५ लाखांच्या आसपास. त्यांना आळीपाळीने रात्री वीज मिळायची. हिवाळ्यात, मध्यरात्री, बॅटरी हातात घेऊन दारे धरायला जाणे. साप, विंचू आणि आता नगर जिल्ह्याच्या उसात ठाण मांडलेले बिबटे. ‘दिवसा वीज द्या’ ही मागणी शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे मोर्चांतून लावून धरली. ती कोणी हवामानासाठी केली नव्हती. पण दिवसा वीज देण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग सूर्याचा निघाला आणि शेतकऱ्याची मागणी ग्रिडमधला कोळसा कमी करण्याची मागणी झाली. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली आणि पुढच्या वर्षी तिच्याखाली ९ हजार मेगावॉटची कामे दिली गेली.

या प्रसंगातून हवामान चळवळीने घ्यावा असा धडा आहे. तापमानाचे आलेख दाखवून माणसे रस्त्यावर येत नाहीत. रात्रीच्या पाळीने जीव जातो म्हणून येतात. सौर पंपाबाबत एक सावधगिरी मात्र बाळगायलाच हवी: दिवसभर फुकट उपसा होणार असेल आणि हिवरेबाजारसारखा पाण्याचा ताळेबंद नसेल, तर स्वच्छ वीज भूजल अधिक वेगाने संपवेल. वीज आणि पाणी यांचा निर्णय एकाच बैठकीत व्हायला हवा.

राज्य सरकारने २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांवर गावांना आणि शहरांना गुण द्यायचे, चांगल्यांना गौरवायचे. पर्यावरण खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ आले. यातून शहरांच्या कारभाऱ्यांना विषयाची भाषा तरी मिळाली, हे श्रेय द्यायला हवे. पण हरित शपथ घेणारा नागरिक शपथेनंतर घरी जातो. त्याला पुढच्या महिन्यात कुठे जमायचे, काय ठरवायचे, कोणाला जाब विचारायचा, हे अभियान सांगत नाही. ज्या शपथेला बैठक जोडलेली नाही, ती भिंतीवरच्या रंगासारखी दोन पावसाळ्यांत उडते.

आणि पाऊस तर बदलला आहे. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यासह अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागाने याचा अनुभव घेतला. ज्या पाथर्डी-कर्जत-जामखेडच्या नावापुढे ‘कायम दुष्काळी’ लिहिले जाते, तिथे शेतातली मातीच वाहून गेली. तिथल्या माणसांचा कार्बनचा वाटा नगण्य आहे. दुष्काळाची सवय असलेल्या गावाला पुराची तयारी करायला कोणी शिकवलेले नव्हते.

हा अन्याय आहे, आणि तो मांडण्याची एक वाट न्यायालयाने खुली केली आहे. ती निघाली माळढोक पक्ष्याच्या खटल्यातून. सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत पसरलेले माळढोक अभयारण्य १९७९ चे. तिथून हा पक्षी जवळजवळ नाहीसा झाला. राजस्थान-गुजरातमधल्या उरल्यासुरल्या माळढोकांसाठी एम. के. रणजितसिंह सर्वोच्च न्यायालयात गेले होते. सौर प्रकल्पांच्या विजेच्या तारा विरुद्ध पक्षी, असा तो पेच. मार्च २०२४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या १४ व २१ या कलमांत आहे. माळढोकाच्या निमित्ताने माणसाला हा हक्क मिळाला. तो वापरायचा तर मागणी करणारा समूह लागतो.

केडगावला नेमका तोच नाही. गाव असताना ग्रामसभा होती. ती भरत असेल, नसेल, पण कायद्याने होती; उभे राहून ‘गावाच्या पाण्याचे काय?’ विचारता येत होते. महापालिकेत गेल्यावर केडगाव प्रभागांत वाटले गेले. अहिल्यानगरला १७ प्रभाग आणि ६८ नगरसेवक. एका प्रभागात चौघे, त्यामुळे जबाबदारी चौघांत विरघळते. डिसेंबर २०१८ मध्ये निवडलेल्या सभागृहाची मुदत डिसेंबर २०२३ मध्ये संपली आणि त्यानंतरची दोन वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात शहरातल्या साडेतीन लाखांहून अधिक माणसांच्या पाण्याचे, कचऱ्याचे, झाडांचे निर्णय लोकप्रतिनिधींशिवाय झाले. ज्याला आपण ‘राजकीय कृती’ म्हणतो, तिची पहिली पायरीच गायब होती.

तरीही मार्ग आहे. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली. प्रभागातल्या काही मतदान केंद्रांच्या परिसरातले मतदार मिळून क्षेत्रसभा. तिने आपल्या भागाच्या गरजा, कामांचा क्रम, त्रुटी सांगायच्या. शहरातली ग्रामसभाच ती. राज्यभरात ती जवळजवळ कुठेच भरत नाही. बहुसंख्य मतदारांना ती आहे हेच माहीत नाही आणि नगरसेवकांना ती नको असते, कारण समोर बसलेल्या माणसांपुढे उत्तर द्यावे लागते.

केडगावच्या सभेपुढे विषयांची कमी नाही. भागात बोअर किती, टँकर किती, मुळेचे पाणी किती; पाच गुंठ्यांच्या आतल्या घरांनीही गच्चीचे पाणी जिरवायचे का; महापालिकेच्या शाळा-दवाखान्यांच्या छतावरचे सौर पॅनेल कधी; पुण्याच्या रस्त्यावर एसटीचा थांबा सावलीचा आहे का; सीनेकडे जाणारे ओढे-नाले कोणी बुजवले. यातला एकही प्रश्न एका घराने सुटणारा नाही आणि एकही मंत्रालयातून सुटणारा नाही. हिवरेबाजारने अशा प्रश्नांची सुरुवात गावाच्या बैठकीतूनच केली. केडगावलाही बैठकीसाठी देवीचे प्रांगण आहे.

तेव्हा केडगावच्या आणि अशा प्रत्येक उपनगराच्या मतदारांना विनंती एवढीच: आपल्या प्रभागाच्या चारही नगरसेवकांना क्षेत्रसभा बोलावण्याचे लेखी पत्र द्या, त्याची पोच घ्या, आणि पहिल्या सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय ‘आपल्या भागाचा पाण्याचा ताळेबंद’ हा घालायला सांगा.